दैवाचा वाटा : हापूसची बाग आणि नियोजनाचा धर्म

शेतीचे नियोजन हा तंत्राचा आणि अर्थकारणाचा विषय मानला जातो आणि दैव हा श्रद्धेचा. त्यामुळे हवामानबदलाला तोंड देण्याच्या आराखड्यांत दैवाचा विचार येत नाही आणि दैवावरील धर्मचर्चेत आराखड्यांना जागा मिळत नाही. ही फारकत सोयीची असली, तरी रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंब्याच्या बागेत ती टिकत नाही. मोहोर जळाला, फळ गळाले किंवा वादळात कलम आडवे झाले, की बागायतदार ते नशिबाच्या खात्यावर टाकतो, आणि सरकारी पंचनाम्यातही तीच घटना नैसर्गिक आपत्ती म्हणून, म्हणजे जिच्यात कोणाचाच दोष नाही अशी घटना म्हणून, नोंदली जाते. श्रद्धेची भाषा आणि दप्तराची भाषा या ठिकाणी एकाच निष्कर्षावर येतात. परंतु ज्या आपत्तीच्या मुळाशी मानवी कर्म आहे असे हवामानशास्त्र सांगते, तिला दैव म्हणता येईल का, आणि येत नसेल तर तिच्यासाठी आधीपासून तयारी करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भारतीय परंपरेने दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांच्या नात्याचा जो विचार केला आहे, त्याच्या आधारे या प्रश्नाची मांडणी करता येते, आणि तशी मांडणी केल्यास त्या विचारातीलही एक अडचण उघडी पडते.

प्रथम पिकाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. हापूसचे वर्ष पावसाळ्याच्या शेवटापासून मोजावे लागते. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरच्या उन्हात जांभ्या दगडावरील उथळ माती वाळू लागली, की झाडाला पाण्याचा ताण बसतो, आलेली पालवी जून होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रींत तिच्या टोकांतून मोहोर फुटतो. पाऊस लांबला तर मोहोराच्या जागी पुन्हा पालवीच येते. डिसेंबर-जानेवारीत मळभ राहिले किंवा अवकाळी सरी आल्या, तर तुडतुडे ही कीड आणि भुरी व करपा हे रोग मोहोराचा फडशा पाडतात. थंडी फार वाढली तर फळे वाटाण्याएवढी झालेली असतानाच त्याच डहाळीवर पुन्हा मोहोर येतो, ज्याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि झाडाचा अन्नरस नव्या मोहोराकडे वळल्याने आधीची फळे गळतात. मार्चमध्ये पारा एकाएकी चढला तर सुपारीएवढी फळे उन्हाने भाजतात. आणि या सर्वांतून वाचलेले फळ वरून निर्दोष दिसत असतानाही कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा पांढरट, न पिकलेला भाग, निघू शकतो, ज्याचा संबंध जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेशीही जोडला जातो. थोडक्यात, हे पीक पावसाच्या, थंडीच्या आणि उन्हाच्या ठरावीक क्रमावर उभे आहे आणि त्यातील एक पायरी चुकली तरी वर्ष हातचे जाते.

हा क्रमच आता विश्वासार्ह राहिलेला नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सामान्य तारखांची फेरआखणी केली, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. ज्या काळात कलमांना ताण बसायचा, त्याच काळात पाऊस रेंगाळतो याची ती अधिकृत कबुली होय. नोव्हेंबर २००९ मधील फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांनी, अरबी समुद्राचा हा किनारा तुलनेने सुरक्षित आहे हा जुना समजही मोडून काढला. निसर्ग वादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळ, पोफळी आणि आंब्याच्या जुन्या बागा उन्मळून टाकल्या. अशा बदलत्या परिस्थितीत पीक, पद्धत आणि उपजीविका यांत करावयाच्या फेरबदलांना अनुकूलन म्हणतात, तर बदलाचे कारण असलेले हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याला उपशमन म्हणतात. हापूसच्या बाबतीत अनुकूलन विशेष अवघड असण्याचे कारण असे, की भात किंवा नाचणीचा शेतकरी पुढच्या हंगामात बियाणे बदलू शकतो, पण आंब्याचे कलम लावल्यावर किफायतशीर उत्पन्न सुरू होण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि नंतर ते अर्धशतक किंवा अधिक काळ उभे राहते. आज खड्डा खणणारा माणूस ज्या हवामानासाठी झाड लावतो आहे, ते हवामान अजून कोणी पाहिलेले नाही.

अशा अनिश्चिततेचा विचार महाभारतात वारंवार आला आहे आणि तो बहुधा शेतीच्याच भाषेत आला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. अनुशासनपर्वात युधिष्ठिराने भीष्मांना दैव श्रेष्ठ की पुरुषकार असे विचारले असता, भीष्म ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांचा संवाद सांगतात. त्यात प्रयत्नाला क्षेत्राची आणि दैवाला बीजाची उपमा दिलेली असून, दोहोंच्या संयोगानेच पीक वाढते असा निर्णय आहे. उद्योगपर्वात शिष्टाईला निघण्यापूर्वी श्रीकृष्ण अर्जुनाला जे सांगतो, ते याहून सूक्ष्म आहे. नांगरून स्वच्छ केलेले कसदार शेतही पावसावाचून फळ देत नाही. यावर कोणी म्हणेल की तेथे पाटाचे पाणी देणे हा पुरुषार्थ आहे, पण तसे पाणी दिल्यावरही दैवयोगाने ते आटून जाताना दिसते, असा त्याचा आशय आहे. येथे दैवाला एकदाच जागा देऊन विषय संपवलेला नाही. प्रयत्न जेथपर्यंत पोहोचतो तेथपर्यंत दैवाची सीमा मागे सरते आणि प्रयत्नाच्या पलीकडे ती पुन्हा उभी राहते, अशी ही सरकती सीमा आहे. शिवाय श्रीकृष्ण हे सांगतो ते शिष्टाई सोडून देण्यासाठी सांगत नाही. यशाची खात्री नाही हे स्पष्ट करून तो प्रयत्नाला निघतो.

योगवासिष्ठाने याच विषयात टोकाची भूमिका घेतली आहे. त्या ग्रंथाच्या मते दैव नावाची स्वतंत्र शक्ती नाहीच. पूर्वी केलेल्या पुरुषार्थाचे आज भोगावे लागणारे फळ म्हणजेच दैव, आणि म्हणून आजचा प्रयत्न बलवान असेल तर तो कालच्या प्रयत्नाला जिंकू शकतो. हवामानबदलाच्या संदर्भात हे मत आश्चर्यकारक रीतीने नेमके ठरते. कोळसा आणि तेल जाळल्याने वातावरणात गेलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके तेथे राहतो. आजची तापमानवाढ ही बहुतांशी गेल्या दीडशे-दोनशे वर्षांच्या उद्योगाची संचित परिणती आहे. जे दैव म्हणून रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, उतरते ते खरोखरच पूर्वकर्म आहे. मात्र एका बाबतीत योगवासिष्ठाचा सिद्धान्त येथे लागू पडत नाही, आणि ही बाब मूलभूत आहे: हे पूर्वकर्म त्या बागायतदाराचे नाही.

कर्मसिद्धान्ताची नैतिक भिस्त दोन दोष टाळण्यावर आहे. पहिला दोष कृतहान, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे. जगाच्या व्यवस्थेत हे दोन दोष येता कामा नयेत, या आग्रहातूनच दर्शनकारांनी पुनर्जन्माची संगती लावली. हवामानबदल हा अकृताभ्यागमाचा उघड्या डोळ्यांनी दिसणारा नमुना आहे, कारण ज्याने धूर काढला त्याला त्याचे फळ पूर्णांशाने भोगावे लागत नाही आणि ज्याने काढला नाही त्याचा मोहोर जातो. येथे पूर्वजन्मीच्या कर्माचा आधार घेऊन संगती लावणे तर्कदृष्ट्या शक्य असले, तरी नीतिदृष्ट्या ते घातक आहे, कारण ज्या अन्यायाचा कर्ता याच जन्मात आणि याच जगात शोधता येतो, त्याचा शोध त्यामुळे थांबतो. कर्मसिद्धान्ताशी प्रामाणिक राहावयाचे, तर जेथे अकृताभ्यागम आढळेल तेथे तो दूर करणे, म्हणजे फळ आणि कर्ता यांची तुटलेली जोडणी माणसांनी आपल्या संस्थांद्वारे पुन्हा करणे, हेच त्यातून निष्पन्न होणारे कर्तव्य आहे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत १९९२ च्या रिओ परिषदेपासून मान्य झालेले समाईक पण भिन्न जबाबदारीचे तत्त्व आणि २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे मान्य झालेला हानी व नुकसान निधी यांमागे वेगळ्या शब्दांत हीच जाणीव आहे. हा हिशेब केवळ परदेशांशी नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जयगड येथे कोळशावर चालणारा १,२०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. विजेचा उपभोग घेणारी शहरे आणि उन्हाने भाजणारी बाग ही दोन्ही याच राज्यात आहेत, आणि बागायतदाराचा मुलगा बहुधा त्या शहरांपैकीच एखाद्यात नोकरीला असतो.

याचा अर्थ बागायतदाराकडे कोणतेच कर्तृत्व आणि कोणतीच जबाबदारी उरत नाही असा घेतला, तर तो दुसऱ्या बाजूचा दैववाद होईल. या ठिकाणी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील पाच कारणांचे विवेचन मार्गदर्शक ठरते. कोणतेही कर्म सिद्ध होण्यास अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात, असे तेथे म्हटले आहे. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ आहे. पण व्यवहाराच्या अंगाने कर्म जेथे घडते ते स्थान असाही अर्थ घेतला जातो. करण म्हणजे साधने आणि चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली व क्रिया. या यादीत दैव पाचवे आहे आणि ते एकटे नाही, ही गोष्ट नियोजनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण एका नापीक वर्षाची कारणे या पाच ठिकाणी वाटून पाहिली, तर कोणाच्या हाती काय आहे हे स्पष्ट होते.

अधिष्ठान म्हणजे येथे कातळ आणि उतार. जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा पट्टा अरुंद, उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी थांबत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून या भूमीतील अनुकूलनाचा पहिला प्रश्न पाऊस किती पडेल हा नसून पडलेला पाऊस कोठे साठेल हा आहे. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ मध्ये झाली, शिफारस केलेले जलकुंड, म्हणजे उतारावर खणून प्लास्टिकच्या कापडाने अस्तर केलेला छोटा खड्डा, नव्या कलमांना पहिल्या उन्हाळ्यांतून तारून नेण्यासाठीच आहे. दैवाची सीमा मागे सरकवणे म्हणजे काय, याचे यापेक्षा नेमके उदाहरण देता येणार नाही.

कर्त्याचा विचार केला, तर अडचण अधिक खोल जाते. कोकणातील पुष्कळ सातबारा उताऱ्यांवर भाऊबंदांची अनेक नावे समाईक असतात, त्यांपैकी निम्मी माणसे मुंबईत किंवा त्याहून दूर असतात, आणि शेततळ्यासाठी किंवा अनुदानासाठी सर्वांची संमती मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते. बाग पुष्कळदा खंडाने, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन एक वा काही हंगामांसाठी व्यापाऱ्याला दिलेली असते. खंड घेणाऱ्याला त्याच्या मुदतीतील फळांत रस असतो आणि मालकाला झाडाच्या आयुष्यात. झाडाची राखण मात्र नेपाळहून आलेले गडी करतात, ज्यांचा या दोहोंतही वाटा नसतो. जेथे निर्णय घेणारा, फळ घेणारा आणि परिणाम भोगणारा ही तीन वेगळी माणसे आहेत, तेथे कर्ता कोण, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापुरता राहत नाही. दीर्घ मुदतीचे नियोजन होत नाही ते बागायतदार दैववादी आहे म्हणून, असे म्हणण्यापेक्षा दीर्घ मुदतीचा कर्ताच तेथे शिल्लक नाही असे म्हणणे अधिक खरे आहे.

करण आणि चेष्टा या दोन सदरांत बागायतदाराचे स्वतःचे कर्तृत्व सर्वाधिक आहे आणि दोषही सर्वाधिक. कलमाने वाढवलेली हापूसची सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकच झाड आहेत. जे एका झाडाला सोसत नाही ते साऱ्या डोंगराला सोसत नाही. विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आणि नंतर रत्ना व हापूस यांच्या संकरातून सिंधू या जाती दिल्या, पण बाजार हापूसच मागतो आणि म्हणून बागाही हापूसच्याच राहिल्या. पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य, जे बागांतून कल्टार या नावाने ओळखले जाते, पावसाळ्यात मुळांशी दिले असता पालवी रोखली जाऊन मोहोर लवकर आणि नियमित येतो; योग्य मात्रेत, खतपाण्याची जोड देऊन ते वापरले तर एका वर्षाआड फळण्याच्या हापूसच्या खोडीवर तो उपाय आहे, परंतु वाशीच्या बाजारात पहिली पेटी पोहोचवण्याच्या चढाओढीत, आणि विशेषतः अल्प मुदतीच्या खंडात, झाडाची ताकद न पाहता त्याचा मारा झाला, तर झाड खचते. हवामानाने दिलेला ताण आणि लोभाने दिलेला ताण झाडाला वेगवेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी आलेल्या नुकसानीला दैव म्हणणे ही श्रद्धा नव्हे, ती जबाबदारी टाळण्याची सोय आहे.

पाचवे कारण, म्हणजे खुद्द दैव, चारही कारणांचा हिशेब झाल्यावर उरते आणि ते उरतेच. या उरलेल्या भागाचे ओझे एकट्यावर पडू नये, यासाठी समाजाने निर्माण केलेली आधुनिक संस्था म्हणजे विमा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंब्यासाठी अवकाळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा यांची संरक्षणे आहेत, आणि हप्त्याचा मोठा भाग केंद्र व राज्य सरकार उचलतात. या योजनेत प्रत्यक्ष बागेचे नुकसान पाहिले जात नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेला आकडा ठरलेली मर्यादा ओलांडतो की नाही, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे केंद्र खाडीकाठच्या सखल गावात आणि बाग तापलेल्या सड्यावर असली, तर बाग जळते आणि आकडा मात्र मर्यादेच्या आत राहतो. दुर्दैव वाटून घेण्यासाठी उभारलेली व्यवस्था अशा रीतीने स्वतःच एका नव्या दैवाचे रूप घेते, आणि हे नवे दैव तर पूर्णपणे मनुष्यनिर्मित असते; अधिक केंद्रे बसवून आणि त्यांच्या जागा बागायतदारांच्या संमतीने ठरवून ते कमी करता येते.

येथून राजधर्माचा प्रश्न येतो. मनुस्मृतीत असे म्हटले आहे, की प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचा सहावा भाग मिळतो आणि रक्षण न करणाऱ्याला पापाचाही तितकाच. महाभारतात भीष्म तर काळ राजाला घडवतो की राजा काळाला, या शंकेला जागाच ठेवू नये आणि राजालाच काळाचे कारण मानावे, असे सांगतात. या वचनांतील राजेशाहीचा संदर्भ बाजूला ठेवला, तर सामूहिक कर्म आणि सामूहिक उत्तरदायित्व यांना परंपरेत जागा आहे, एवढे निश्चित होते. राज्यसंस्थेने रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना १९९० मध्ये सुरू केली, तेव्हा कोकणातील वरकस, म्हणजे नाचणी-वरीची उताराची जमीन, मोठ्या प्रमाणावर आंबा आणि काजूखाली आली. ज्या राज्यसंस्थेच्या उत्तेजनाने हे क्षेत्र उभे राहिले, तिला त्या क्षेत्राच्या भवितव्यातून अंग काढून घेता येत नाही. असे असूनही, जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हा राज्यातील हवामान-अनुकूल शेतीचा सर्वांत मोठा कार्यक्रम, पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावांत गेला तो मुख्यतः मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात. कोकण त्यात नव्हते. अवर्षणाचे संकट तेथे अधिक दारुण आहे आणि त्या भागांना अग्रक्रम मिळाला यात अन्याय नाही, परंतु हवामानाचे संकट म्हणजे अवर्षण, हे समीकरण नियोजनात रुजले, तर भरपूर पावसाच्या प्रदेशातील संकट दिसेनासे होते.

राज्यसंस्थेबरोबरच गावालाही कर्तेपण आहे, आणि कोकणात त्याची एक जुनी धार्मिक पद्धत आहे. गावात महत्त्वाचे कार्य करावयाचे असता ग्रामदेवतेला कौल लावला जातो: गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा कळे चिकटवतो, मानकरी आणि गावकरी यांच्यासमक्ष प्रश्न विचारला जातो, आणि उजवा कळा पडला की होकार, डावा पडला की नकार समजतात. विवेकवादी दृष्टीने पाहता कळा कोणत्या बाजूला पडावा याचा आणि पुढील घटनेचा काही संबंध नाही, आणि भविष्यज्ञानाचे साधन म्हणून कौलाचे समर्थन करता येत नाही. परंतु कौलाचे दुसरे एक अंग असते: प्रश्न चारचौघांत विचारला जातो, उत्तर सर्वांवर बंधनकारक असते आणि निर्णयाचे ओझे कोणा एकाच्या माथी राहत नाही. याउलट, ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती कौलापेक्षा कितीतरी अधिक ज्ञान देते, पण ते ज्ञान प्रत्येक बागायतदाराला एकट्याने वाचावे लागते आणि फवारणी करावी की थांबावे हा निर्णयही एकट्यानेच घ्यावा लागतो. तुडतुडे एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात, सड्यावरचे पाणी कोणाच्याही हद्दीत थांबत नाही, वाऱ्याला अडवणारी झाडांची रांग एकाच बागेत लावून भागत नाही; हे सारे निर्णय स्वभावतः गावाचे आहेत. ज्ञान पत्रिकेचे आणि निर्णयाची रीत कौलासारखी सार्वजनिक, असा मेळ ग्रामसभेत घालता आला, तर परंपरेतील जे टिकवण्याजोगे आहे ते टिकेल.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न राहतो. ज्या नियोजनाचे यश निश्चित नाही, ते कोणत्या वृत्तीने करावे? फलाशा सोडून कर्म करावे हे गीतेचे उत्तर सर्वज्ञात आहे, आणि नगदी पिकाच्या बाबतीत ते हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, कारण फळासाठीच तर झाड लावलेले असते आणि त्यासाठीच बँकेचे कर्ज काढलेले असते. बाळ गंगाधर टिळक, ज्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीतच झाला, यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या शंकेचा परामर्श घेतला आहे. त्यांच्या विवेचनानुसार फलाशा सोडणे म्हणजे कर्माचा परिणाम काय होईल याचा विचारच न करणे नव्हे. अमुक कर्माने अमुक परिणाम घडतो हे जाणून, साधनांची पूर्ण योजना करून कर्म करावे, मात्र फळ आपल्यालाच आणि आपल्या इच्छेप्रमाणेच मिळाले पाहिजे, ही आसक्ती सोडावी. अशा कर्माचा हेतू लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा, हा असतो.

हा भेद अनुकूलनाच्या नियोजनात थेट उतरतो. जे उपाय भविष्याचे एकच चित्र खरे ठरले तरच उपयोगी पडतात, ते आसक्तीचे उपाय होत. पुढील वीस वर्षे लवकर आलेल्या पेटीला चढा भाव मिळेल, या एकाच गृहीतावर कर्ज काढून उभारलेली बाग या प्रकारात मोडते. जे उपाय भविष्य कोणत्याही दिशेने गेले तरी वाया जात नाहीत, ते निष्काम नियोजनाचे उपाय म्हणता येतील. पाणी साठवणे, झाडांच्या आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करणे, जुन्या उंच झाडांची छाटणी करून त्यांना वादळात टिकतील अशा बेताचे ठेवणे, समुद्राकडील बाजूला वारा अडवणारी झाडे लावणे, हापूसच्या जोडीला काजू, रातांबा, फणस आणि मिरी ठेवणे, परागीभवन करणाऱ्या सातेरी मधमाशीला जगण्यापुरती रानझाडे राखणे, यांपैकी एकही उपाय पाऊस लांबला काय किंवा लवकर आला काय, निरर्थक होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत या उपायांनी मिळणारा कमाल नफा कमी असतो. कर्मयोगाच्या भाषेत कर्त्याचे कर्म निष्फळ झाले तरी ते चुकीचे ठरत नाही.

या विचाराची कसोटी स्वधर्माच्या कल्पनेपाशी लागते. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळी नेहमीचे नियम शिथिल करून जगण्याच्या रीतीचे, सविस्तर विवेचन आहे. त्यात आपत्काल कधीतरी संपेल हे गृहीत आहे. हवामानबदलाची आपत्ती तशी संपणारी नाही, म्हणून दर वर्षीचे नुकसानभरपाईचे पॅकेज, कर्जाची पुनर्रचना आणि पुढच्या वर्षी सर्व पूर्ववत होईल ही आशा, असा आपद्धर्म कायमचा चालवता येत नाही. मग बागायतदाराचा स्वधर्म कोणता? हापूस हाच त्याचा स्वधर्म, असे उत्तर भावनेला पटते, आणि २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने त्या भावनेला कायद्याचेही बळ दिले आहे. पण ज्या कलमांच्या कलेतून हापूस घडला ती पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडून आली, आणि ज्या सड्यांवर आज बागा आहेत त्यांपैकी पुष्कळांवर दोन पिढ्यांपूर्वी नाचणी होती किंवा नुसते गवत होते. पीक हे साधन आहे, करण आहे. कृषकाचा स्वधर्म त्या जमिनीची आणि तिच्यावर जगणाऱ्यांची धारणा हा आहे. करण बदलले म्हणून स्वधर्म सुटत नाही, आणि करणाला चिकटून राहिल्याने तो साधतोच असेही नाही. हापूस वाचवण्याचा प्रयत्न जरूर व्हावा, परंतु एखादा सडा उद्या हापूसला अनुकूल राहिला नाही, तर तेथे काजू किंवा रातांबा लावणाऱ्या माणसाने धर्म सोडला असे मानण्याचे कारण नाही.

या विवेचनातून दैवाविषयी एक मर्यादित, पण ठाम निष्कर्ष निघतो. दैवाचे अस्तित्व नाकारण्याची गरज नाही. श्रीकृष्णानेही ते नाकारलेले नाही. दैवाचे नाव मात्र सर्वांत शेवटी घेतले पाहिजे. उत्सर्जनाचा दोष ज्यांच्याकडे जातो त्यांच्याकडून नुकसानीचा वाटा मागितला गेला, राज्यसंस्थेने आपला सहावा भाग उचलला, गावाने पाण्याचा आणि वाऱ्याचा निर्णय एकत्र घेतला, मालकाने खंडाच्या करारात झाडाच्या आयुष्याची अट घातली, आणि एवढे होऊनही एखाद्या मे महिन्यात वादळाने बाग आडवी केली, तर तिला दैव म्हणण्याचा अधिकार त्या बागायतदाराला आहे. त्याआधी तो शब्द उच्चारणे म्हणजे दुसऱ्यांचे आणि स्वतःचे कर्म देवाच्या नावावर लिहिणे होय, आणि कर्मसिद्धान्त मानणाऱ्या कोणालाही ते मान्य करता येणार नाही.